घोटा मुरगळल्यावर पोडिआट्रिस्टकडे जाताना: तयारी, तपासणी आणि त्यानंतरचे आठवडे

घोटा मुरगळला की बहुतेक जण तज्ज्ञाकडे दोनच प्रश्न घेऊन जातात: हाड मोडलंय का, आणि बरं कधी वाटेल? एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं की जीव भांड्यात पडतो. आठ-दहा दिवसांत ठणका थांबला की पुढची भेट रद्द होते. मग काही महिन्यांनी साध्या पायरीवर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. एक्स-रे हाड दाखवतो. फाटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, त्यात दिसत नाही, आणि हरवलेला तोलही दिसत नाही. हा लेख त्या राहून जाणाऱ्या भागासाठी आहे.

पोडिआट्रिस्ट म्हणजे पाऊल आणि घोटा यांचा तज्ज्ञ. त्याला काय काय करण्याची परवानगी आहे हे देशागणिक बदलतं. कुठे तो एक्स-रे लिहून देतो, औषधं देतो, शस्त्रक्रियाही करतो. कुठे तपासणी, आधार, पादत्राणं आणि व्यायाम एवढंच त्याच्याकडे असतं. वेळ घेतानाच विचारून घ्या. जवळ पोडिआट्रिस्ट नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जाताना हाच क्रम पाळा.

टप्पा १: वेळ घेऊन जायचं की थेट तातडीच्या विभागात?

फोन उचलण्याआधी हे ठरवा. पुढचं काहीही असेल तर वेळ मिळण्याची वाट पाहू नका:

- पाऊल वाकडं, जागचं सरकल्यासारखं दिसतंय
- कातडी फाटून जखम झाली आहे
- पाऊल थंड, पांढरं किंवा निळसर पडलंय, किंवा बोटं बधिर झाली आहेत
- पोटरीच्या खाली मागून फटका बसल्यासारखं वाटलं आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही (ही टाचेची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, तुटल्याची खूण असू शकते)
- गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला हाड दाबल्यावर दुखतंय

यातलं काही नसेल तर हाडाची चाचपणी करा. यासाठी डॉक्टर ओटावा नियम वापरतात, आणि त्याचा गाभा घरीही समजून घेता येतो. आधी चार पावलं टाकून बघा. लंगडत टाकली तरी चालतील, पण दुखऱ्या पायावर दोनदा भार आला पाहिजे. मग बोटाच्या टोकाने चार जागा दाबा:

- बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत
- आतल्या घोट्याची तशीच मागची कड
- पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध, करंगळीच्या रेषेत मागे लागणारा हाडाचा उंचवटा
- पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड

चार पावलं टाकता येत नसतील, किंवा यातल्या एखाद्या जागी हाडावरच दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे हवा. हाडापुढच्या मऊ, सुजलेल्या भागात दुखणं वेगळं; तिथे तर दुखणारच.

सावधान: मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर या चाचपणीवर विसंबू नका. अशा पायात हाड मोडूनही फारसं दुखत नाही आणि माणूस त्यावर चालत राहतो. लहान मुलांची हाडं वाढती असतात, तिथेही घरचा निकाल अंतिम मानू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सूज झपाट्याने वाढू शकते, म्हणून लवकर दाखवा.

टप्पा २: भेटीपर्यंतचे दिवस

बोटात किंवा घोट्यावर घट्ट बसणारं काही असेल तर सूज चढण्याआधी काढा. मग पाय उंचावर ठेवा, म्हणजे हृदयाच्या पातळीच्या वर. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला की तो उंच वाटतो, पण सूज उतरायला तेवढी उंची पुरत नाही. आडवं व्हा आणि पोटरीखाली दोन-तीन उशा घ्या.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने, पहिले दोन-तीन दिवस. त्याने दुखणं कमी होतं, लिगामेंट लवकर जुळतं असं नाही. त्यामुळे बर्फ मिळाला नाही तर घाबरण्याचं कारण नाही. संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर मात्र बर्फ लावू नका.

क्रेप बँडेज बहुतेक जण घोट्यापासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. मग सूज खाली उतरून बोटं फुगतात. सुरुवात बोटांच्या मुळापासून करा आणि घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घेत पोटरीच्या खालच्या भागापर्यंत या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याची निम्मी रुंदी झाकेल असा घ्या. ताण खाली थोडा जास्त, वर जाताना कमी. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून बांधा. चवडा खाली सोडून बांधलं तर घोटा त्याच अवस्थेत आखडतो. झोपताना काढून ठेवा.

तपासा: बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटांना मुंग्या येत असतील तर लगेच सोडून पुन्हा सैल बांधा.

पहिल्या तीन दिवसांत चार गोष्टी टाळा: गरम शेक, चोळणं, मद्य आणि "चालून मोकळं करू" म्हणत रेटणं. चोळल्याने आतलं रक्त पसरतं आणि नुकतेच जुळू पाहणारे तंतू पुन्हा सुटतात. कुणी पाऊल ओढून जागेवर बसवून देतो म्हणालं तर ठामपणे नाही म्हणा. मुरगळलेल्या घोट्यात बसवण्यासारखं काही नसतं, आणि आत हाड मोडलेलं असेल तर ओढण्याने ते सरकू शकतं.

पण पाय दगडासारखा निश्चलही ठेवू नका. दुखण्याच्या मर्यादेत पाऊल वर-खाली हलवत राहा आणि बोटं मिटून उघडत राहा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल साधारणपणे पुरतं. आयबुप्रोफेनसारखी गोळी जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

टप्पा ३: भेटीची तयारी

इथे घातलेला अर्धा तास सगळ्यात जास्त फळ देतो. तज्ज्ञाकडे मोजकी मिनिटं असतात, आणि निदानाचा मोठा भाग तुमच्या सांगण्यावर उभा असतो.

पाय कसा वळला, हे आठवून लिहून काढा. तळवा आतल्या बाजूला वळून बाहेरचा घोटा ताणला गेला, की पाऊल जागेवर अडकून अंग फिरलं? पहिल्या प्रकारात बाहेरच्या घोट्यापुढचं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं जातं. मुरगळण्याचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात नडगीच्या दोन हाडांना जोडणारा पट्टा दुखावला असू शकतो. ही इजा घोट्याच्या वरच्या अंगाला दुखते, बरी व्हायला बराच जास्त वेळ घेते आणि नेहमीची लचक समजून हमखास सुटते. "पाय मुरगळला" एवढंच सांगितलंत तर हा फरक तज्ज्ञाला शोधून काढावा लागतो. "उतरताना उजवा पाय कडेवरून घसरला, तळवा आत वळला, कट्‌ असा आवाज आला, नंतर दहा-बारा पावलं टाकता आली, तासाभरात बाहेरून सूज आली" असं सांगितलंत तर तपासणी योग्य जागेपासून सुरू होते.

याशिवाय हे लिहून ठेवा:

- लगेच पायावर उभं राहता आलं का, आणि आज येतं का
- सूज किती वेळात आली
- हा घोटा आधी मुरगळला होता का, कितीदा, आणि त्यानंतर व्यायाम पुरा केला होता का
- चालू औषधं, ॲलर्जी, मधुमेह, रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास
- काम उभ्याचं आहे की बसून, खेळ कोणता, जिने किती

सूज आणि काळंनिळं पडलेल्या भागाचे फोटो पहिल्या दिवसापासून रोज काढा, दोन्ही पाय एका चौकटीत. भेटीच्या दिवशी रंग बदललेला असतो, आणि डाग आधी कुठे उमटला याला अर्थ असतो. विशेषतः तळव्याच्या मधोमध काळा डाग दिसला तर तो फोटो आधी दाखवा. पावलाच्या मधल्या सांध्यांना इजा झाल्याची ती खूण असू शकते.

सोबत न्यायचं: इजा झाली तेव्हाची पादत्राणं, रोजची झिजलेली जोडी, आणि आधी एक्स-रे काढला असेल तर अहवालासोबत प्रत्यक्ष फिल्म किंवा सीडी. नवे कोरे बूट नेऊन उपयोग नाही. तळ कुठे झिजलाय त्यावरून तुमचा भार कुठे पडतो ते कळतं. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करता येतील असे कपडे घाला. नखांचा रंग काढून टाका, नाहीतर रक्तपुरवठा पाहता येत नाही. मलम लावून जाऊ नका. वेदनाशामक घेतलं असेल तर किती वाजता घेतलं ते सांगा.

भेट कधीची घ्यावी? पहिल्या टप्प्यातली धोक्याची लक्षणं नसतील तर चौथ्या-पाचव्या दिवशीची. पहिल्या ४८ तासांत सूज आणि वेदना इतकी असते की लिगामेंट तुटलंय की नुसतं ताणलंय, हे हाताने नीट ओळखता येत नाही. चार-पाच दिवसांनी तीच तपासणी जास्त विश्वासार्ह ठरते. पहिल्याच दिवशी जाऊन आला असाल तर या सुमारास पुन्हा तपासून घ्या.

टप्पा ४: तपासणीच्या खोलीत

क्रम साधारण असा असतो: उभं राहणं आणि चालणं पाहणं, दोन्ही घोटे शेजारी ठेवून बघणं, दाबून पाहणं, हालचाल मोजणं, आणि शेवटी ताण देऊन लिगामेंट तपासणं. ताणाची चाचणी आधी चांगल्या पायावर करतात. काहींचे सांधे मुळातच सैल असतात, म्हणून तुलना लागतेच. चांगला पाय पाहिलाच नाही तर नम्रपणे सुचवा.

टाच हातात धरून पाऊल पुढे ओढतात तेव्हा गुडघा वाकलेला आणि पोटरी सैल हवी. पोटरी आवळून धरली तर सैल झालेला घोटाही घट्ट भासतो आणि इजा लपते. श्वास सोडा, पाय त्यांच्या हातात सोडून द्या. नडगीची दोन हाडं मधोमध एकमेकांकडे दाबल्यावर खाली घोट्यात कळ आली तर तोंडाने सांगा; वर उल्लेखलेल्या पट्ट्याची ती चाचणी आहे.

दुखणारी जागा एका बोटाने दाखवा. सगळा घोटा तळहाताने झाकून "इथे सगळीकडे" म्हणणं हीच नेहमीची चूक. सगळीकडे दुखत असलं तरी सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते शोधून ठेवा. आणि दुखणं व भीती वेगवेगळी सांगा: "दुखतंय" आणि "निसटेल असं वाटतंय" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

एमआरआय पहिल्याच आठवड्यात मागू नका. बहुतेक लचकींत त्याने उपचार बदलत नाहीत. तो उपयोगी पडतो तो सहा आठवड्यांनंतरही दुखत राहिलं तर, किंवा सांध्यातल्या कूर्चेची (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराची), स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरेची अथवा नडगीच्या हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याची शंका असेल तर.

निघण्याआधी एवढी उत्तरं कागदावर हवीत:

- कोणतं लिगामेंट, आणि कोणती श्रेणी? पहिलीत तंतू ताणतात, दुसरीत अर्धवट फाटतात, तिसरीत पूर्ण तुटतात.
- पायावर किती भार टाकू, आणि आजपासून की नंतर?
- ब्रेस (घोट्याला कडेने आधार देणारा पट्टा) कधी घालायचा, झोपताना काढायचा का, किती आठवडे?
- कोणता व्यायाम कोणत्या दिवसापासून?
- पुढची भेट कधी?

शेवटचं उत्तर "दुखलं तर या" असं मिळालं तर स्वतःहून तारीख मागा.

टप्पा ५: पहिले दोन-तीन आठवडे

साधारण अंदाज असा: पहिली श्रेणी एक ते तीन आठवडे, दुसरी तीन ते सहा, तिसरी तीन महिने किंवा त्याहून जास्त. तिसऱ्या श्रेणीत कधी कधी सुरुवातीला थोडे दिवस पाय पूर्ण स्थिर ठेवतात. बाकी बहुतेकांना आठवडेच्या आठवडे प्लास्टरपेक्षा ब्रेस घालून लवकर चालणं हिताचं ठरतं. ब्रेस कडेच्या हालचालीला अडवतो आणि वर-खाली हालचाल मोकळी ठेवतो.

काठी वापरत असाल तर ती चांगल्या पायाच्या हातात धरा. दुखऱ्या बाजूला धरणारे खूप दिसतात. त्याने अंग दुखऱ्या पायावरच झुकतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

चालताना टाच आधी टेकवा, मग तळवा, मग चवडा. लंगडत भरभर चालण्यापेक्षा कुबडी घेऊन सावकाश पण नीट चाला. लंगडण्याची सवय एकदा लागली की घोटा बरा झाल्यावरही गुडघा आणि कंबर त्याची किंमत मोजतात.

सावधान: पोटरी एका जागी दुखून घट्ट, गरम आणि सुजलेली वाटली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तातडीचा विभाग गाठा.

टप्पा ६: दुसरी भेट, जी सगळ्यात जास्त रद्द होते

माझ्या मते पहिल्या भेटीइतकीच ही महत्त्वाची आहे, आणि दुखणं थांबलं असेल तर जास्तच. ठणका जाणं ही सूज उतरल्याची खूण. लिगामेंटमध्ये सांध्याच्या स्थितीची खबर मेंदूला देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात, आणि तंतू फाटतात तेव्हा त्यांनाही धक्का बसतो. म्हणून न दुखणारा घोटाही खडबडीत जमिनीवर उशिरा सावरतो. हे सुधारतं ते व्यायामाने. नुसत्या विश्रांतीने नाही.

या भेटीत तीन गोष्टी मोजून घ्या. एक, गुडघा-भिंत चाचणी: भिंतीकडे तोंड करून पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर मागे नेता येतो ते दोन्ही पायांचं लिहून घ्या. दोन, एका पायावर उभं राहण्याचा वेळ. तीन, एका पायाच्या चवड्यावर किती वेळा उठता येतं.

बुटात घालायचे खास सोल सुचवले गेले तर ते कशासाठी, हे विचारा. पावलाच्या ठेवणीमुळे घोटा वारंवार बाहेर कलत असेल तर त्यांना अर्थ आहे. लिगामेंट मात्र सोलने जुळत नाही, आणि सोल घेतले म्हणून व्यायाम सुटत नाही.

टप्पा ७: ताकद आणि तोल

क्रम बदलू नका: आधी हालचाल, मग ताकद, मग तोल, मग उड्या. पुढच्या पायरीवर लवकर उडी मारणं आणि तोलाची पायरी गाळणं, या दोन चुका सारख्याच नडतात.

१. हालचाल: पाऊल वर-खाली, आत-बाहेर. टॉवेल चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढा, पोटरी ताणली गेली पाहिजे.

२. ताकद: रबरी पट्टा पावलाभोवती अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला आणि परत येताना सावकाश सोडा. तळवा आत वळू लागला की घोट्याला सावरणारे स्नायू हेच. मग दोन्ही चवड्यांवर उठणं, आणि ते सोपं झालं की एकाच पायावर.

३. तोल: भिंतीजवळ, दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहणं. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या मऊ सतरंजीवर. आधाराला हात पोहोचेल एवढ्या अंतरावर भिंत असू द्या.

४. उड्या: दोन पायांवर जागेवर, मग पुढे-मागे, मग कडेला, आणि सगळ्यात शेवटी एका पायावर.

तपासा: व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली किंवा घोटा जास्त आखडलेला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. एक पायरी मागे या. रोज थोडा व्यायाम करणं आठवड्यातून एकदा घाम गाळण्यापेक्षा बरं.

टप्पा ८: धावणं, खेळ, आणि पुन्हा कधी जायचं

तारीख पाहून मैदानात उतरू नका. गुडघा-भिंत अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखं आहे का, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येतं का, भरभर वळताना घोट्यावर विश्वास वाटतो का, ते पाहा. आधी सपाट जमिनीवर सरळ धावा, मग वळणं घ्या, मग सराव, आणि सामना सगळ्यात शेवटी. खेळताना ब्रेस किंवा टेपचा आधार वर्षभरापर्यंत ठेवणं शहाणपणाचं आहे, आणि तोलाचे व्यायामही तोवर चालू ठेवा.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता पोडिआट्रिस्टला कळवा:

- सहा आठवडे होऊनही सुधारणा अडली आहे
- सपाट जमिनीवरही घोटा अचानक दगा देतो
- सांधा मध्येच अडकतो किंवा खोल आत दुखतो (सांध्याच्या कूर्चेला इजा असू शकते)
- बाहेरच्या घोट्यामागे शीर टकटक सरकल्यासारखी वाटते
- पावलाचा रंग किंवा तापमान बदललंय, आणि नुसत्या स्पर्शानेही आग होते

जाताना पहिल्या दिवसापासूनचे फोटो, दुसऱ्या भेटीतले आकडे आणि केलेल्या व्यायामाची नोंद सोबत न्या. कोणत्या आठवड्यात प्रगती थांबली हे त्यावरून लगेच दिसतं, आणि एमआरआय लागेल की व्यायाम बदलून भागेल हे ठरवायला तज्ज्ञाला तोच आधार असतो.